दीडशहाणे

रिमोटवरच्या गाड्या पळवणाऱ्या माणसाच्या खर्चाची एक ठरलेली उतरंड असते. आधी गाडी. मग गाडीबरोबर आलेली मोटर काढून दुसरी मोटर, कारण पहिली चांगली होती पण दुसरी निळी आहे. मग लिथियम पॉलिमर बॅटरी, बॅटरीला चार्जर, आणि चार्ज होताना बॅटरीने पेट घेतलाच तर म्हणून न जळणारी पिशवी. मग टायर. डांबरासाठी वेगळे, मातीसाठी वेगळे, आणि एक जोडी नुसती बघायला. असे बरेच हजार सुखाने उडाले की माणूस जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडी घालतो आणि हे सगळं ज्याने जोडायचं, ती खोक्यात फुकट आलेली एल आकाराची काडी हातात घेतो.

काडी काळी असते, तेलकट असते आणि प्लास्टिकच्या पिशवीत स्क्रूंच्या सोबत आलेली असते. पहिले दोन स्क्रू ती मुकाट्याने फिरवते. तिसऱ्याला किंचित वाकते आणि सोडल्यावर सरळ होते. चौथ्याला तिच्या कोपऱ्यांची धार गेलेली असते आणि पाचव्याच्या डोक्यातली षटकोनी खाच गोल होते. गोल खाचेचा स्क्रू ही या छंदातली एकमेव टिकाऊ वस्तू आहे. गाडी मोडेल, मोटर जळेल, छंद सुटेल, मुलं परदेशी जातील, तो स्क्रू आहे तिथेच राहील.

या खाचेचा उगम मात्र सत्कार्यात आहे. जुन्या कारखान्यांत छताखाली एक लांबलचक दांडा फिरत असे आणि त्यावरची चाकं आवळून धरणाऱ्या स्क्रूंची डोकी बाहेर आलेली असत. कामगाराची बाही त्यात अडकली की दांडा काही थांबत नसे. तेव्हा डोकं बाहेर न येणारा, खाच पोटात घेतलेला स्क्रू हवा होता. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांनी अशी षटकोनी खाच घडवण्याच्या रीतीचं पेटंट १९१० मध्ये मिळवलं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातली ‘एलन की’ ती यांचीच. आता गंमत बघा. त्याच हार्टफर्डमध्ये ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. हवा लागतेय तोवर पातळ राहणारा आणि धातूच्या आट्यांत हवा तुटली की घट्ट होणारा एक द्रव विकायला त्यांनी १९५३ मध्ये कंपनी काढली. तो द्रव म्हणजे लॉकटाइट. स्क्रू उघडायची चावी आणि स्क्रू उघडू नये याची तजवीज, दोन्ही एकाच गावची. हार्टफर्डच्या पाण्यात काय होतं कोण जाणे, पण जगभरचे छंदिष्ट त्या दोघांच्या मध्ये सापडले आहेत.

आता मापं. मॉडेलच्या कामात बहुतेक सगळं चार मापांत आटोपतं: दीड, दोन, अडीच आणि तीन मिलिमीटर. हे ऐकायला सोपं वाटतं, कारण ऐकणाऱ्याने अजून स्क्रू पाहिलेले नसतात. तीन मिलिमीटर जाडीचा एकच स्क्रू घ्या. त्याचं डोकं उंच नळकांड्यासारखं असेल तर खाच अडीचची. डोकं बसकं, घुमटीचं असेल, म्हणजे बटन हेड, तर दोनची. डोकं चपटं, जमिनीशी सपाट बसणारं असेल तरी दोनच. आणि डोकंच नसेल, म्हणजे ग्रब स्क्रू, तर दीडची. हे घरी समजावून सांगायचा प्रसंग येतो.

“तीनच्या स्क्रूला तीनचा लागत नाही?”

“नाही. तीनचा चारच्या स्क्रूला.”

“मग तीनच्याला?”

“अडीच. डोकं बसकं असेल तर दोन. डोकंच नसेल तर दीड.”

“डोकं नसलेल्यांचाच छंद दिसतोय.”

यावर उत्तर नसतं. त्या क्षणी माणूस मान खाली घालून दीडचा शोधत असतो.

खरा घात मात्र इंचात आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या कित्येक संचांत मिलिमीटर आणि इंच एकाच चिमट्यात नांदतात, आणि अंक इतके बारीक कोरलेले असतात की ते वाचणं हा वेगळा छंद आहे. जुन्या अमेरिकन गाड्या इंचाच्याच असायच्या; टीम असोसिएटेडची १९८४ ची प्रसिद्ध आरसी-१० घ्या. तिच्यासाठी इंचाची हत्यारं योग्यच. पण इंचाचा तीन बत्तीसांश म्हणजे २.३८ मिलिमीटर. अडीचच्या खाचेत तो सुळकन जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि सगळं ठीक आहे असा आपला समज होतो. फरक किती, तर एका मिलिमीटरचे बारा शतांश, म्हणजे जाडसर केसाएवढा. भूमितीने हिशेब मांडला तर बरोब्बर मापाचा ड्रायव्हर खाचेत जेमतेम अंशभर मोकळा हलतो आणि मग भिडतो. हा तीन बत्तीसांशवाला पाचेक अंश मोकळा फिरतो आणि नंतर सहा कडांऐवजी सहा टोकांवर सगळा जोर टाकतो. टोकं खाचेच्या भिंती खरवडतात, खाच मोठी होते, पुढच्या वेळी मोकळा फेर वाढतो. मराठीत केसाने गळा कापणं म्हणतात, त्याला इतकं नेमकं माप दुसरीकडे मिळणार नाही. उलट इंचाचा पाच चौसष्टांश दोनच्या खाचेत जवळजवळ चपखल बसतो. त्यामुळे इंच आणि मिलिमीटरमध्ये ‘थोडंफार चालतं’ असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक मैदानावर असतो, आणि तो नेहमी याच एका मापाच्या जोरावर बोलत असतो.

चांगला ड्रायव्हर हवा, असं मी एकदा फोनवर म्हणालो ते मावशीने ऐकलं. “माझ्या बघण्यात आहे एक. भरवशाचा आहे, रात्री-अपरात्री येतो. पितो जरा.” मी आभार मानले आणि पुण्यात राहतो म्हणून बोहरी आळीत गेलो.

बोहरी आळीत लोखंडाचं जे मागाल ते मिळतं, फक्त मागावं लागतं पूर्ण आत्मविश्वासाने.

“दीडची एलन की आहे?”

“इंच?”

“मिलिमीटर.”

दुकानदाराने चष्मा वर केला. दीड इंचाच्या गिऱ्हाइकाबद्दल त्याला जो आदर वाटला असता, तो मिलिमीटरला एकदम पंचवीस पटींनी कमी झाला.

“एवढं बारीक सुटं येत नाही. सेट घ्या. नऊ नग.”

“मला चारच हवेत.”

“बाकीचे पुढे लागतील.”

नऊ नगांचा संच म्हणजे दीडपासून दहापर्यंत. पाच आणि सहा सायकलला कामी येतात, हे खरं. पण दहाचा? दहाची एलन की माझ्या तळहातावर ठेवून दुकानदाराने असं पाहिलं की पुढेमागे माझ्या घरी लेथ मशीन येणार याची त्याला खात्रीच असावी. जगातल्या कुठल्याही घरातला असा संच काढून पाहा. दहाची जागेवर असते, आठची असते, सहाची गंज चढून पण असते. दीडची जागा रिकामी असते. जी सगळ्यात जास्त लागते तीच हरवते, आणि ती हरवलेली असते म्हणूनच माणूस दुसरा संच घेतो. असे पाच-सहा संच झाले की घरात दहाच्या एलन कीचा साठा होतो, ज्यावर एखादं धरण उभं राहील.

दुकानात मी चौकशी केली ती पोलादाची. नाशिकच्या टपारियाची एल आकाराची चावी ही प्रामाणिक वस्तू आहे, आणि जोर काढायला एल आकाराला पर्याय नाही. पण मॉडेलमध्ये शंभर-सव्वाशे स्क्रू असतात, एकेक दहा-बारा फेऱ्यांचा. ते सगळे एलने फिरवायचे म्हणजे दर साठ अंशांनी काढ, पुन्हा घाल, पुन्हा फिरव. म्हणून सरळ मुठीचा ड्रायव्हर. स्लोव्हाकियाची हुडी, कॅलिफोर्नियाची एमआयपी, जर्मनीच्या वीहा आणि वेरा ही या पंथातली पूज्य नावं. त्यांच्या चार ड्रायव्हरांची किंमत घरात सांगायची नसते. सांगायचीच झाली तर एका ड्रायव्हरची सांगावी आणि ‘सेटमध्ये स्वस्त पडतात’ असं पुढे म्हणावं.

दिसायला सगळे सारखेच. काळा दांडा, रंगीत मूठ. आतला फरक पोलादाला दिलेल्या पाण्याचा. पाणी कमी झालं तर टोक झिजून गोल होतं आणि जाताजाता स्क्रूलाही घेऊन जातं. पाणी जास्त झालं तर टोक काचेसारखं तुटतं आणि तुटलेला तुकडा खाचेत अडकून बसतो. सोनेरी मुलाम्याचे ड्रायव्हर हल्ली फार दिसतात. टायटॅनियम नायट्राइडचा थर कठीण असतो याबद्दल वाद नाही, पण आतलं लोखंड मऊ असेल तर वरचा थर फार काळ सोनेरी राहत नाही. आणि काही ड्रायव्हरांच्या बाबतीत सोनेरी हा फक्त रंगच असतो.

पारख करायची तर जाहिरात न वाचता टोक बघावं. उजेडात धरून फिरवलं की सहा कडा सरळ, टोकापर्यंत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. व्हर्नियर असेल तर दोनचा ड्रायव्हर दोनच्या जरासा खाली भरावा. दोनच्या वर गेला तर खाचेत जाणार नाही, फार खाली गेला तर वर सांगितलेला केस. मग एक कोरा स्क्रू त्याच्यावर बसवून ड्रायव्हर उलटा करावा. स्क्रू लगेच पडला नाही, जरा रेंगाळला, तर जात चांगली. दुकानात हे सगळं करणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात तिची सवय करून घ्यावी. भाजीवाल्यासमोर कलिंगडावर टिचक्या मारणाऱ्यांना आपण सहन करतोच की.

आता बॉल ड्रायव्हर. १९६० च्या दशकात मिनेसोटातल्या जॉन बॉन्धस यांनी हे प्रकरण बाजारात रूढ केलं. षटकोनी दांड्याच्या टोकाशी मान कोरायची आणि पुढे सहा पैलूंची गोटी ठेवायची. त्यामुळे ड्रायव्हर वाकडा धरला तरी, साधारण पंचवीस अंशांपर्यंत, गोटी खाचेत फिरत राहते. मोटरच्या बाजूचा तो स्क्रू, ज्याच्या वाटेत गिअरचं झाकण, एक तार आणि गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरचा खोडसाळपणा आडवा येतो, तिथे बॉल ड्रायव्हरने हात घातला की बॉन्धस यांचे पाय धरावेसे वाटतात. पण गोटी खाचेच्या भिंतींना टेकते ती पोटाजवळच्या अरुंद पट्टीत. सरळ टोकाची पूर्ण कड टेकते, तशी नाही. आणि जोर सगळा जातो त्या बारीक मानेतून. बॉल ड्रायव्हर हा लग्नघरातला तो भाचा आहे, जो कुठूनही कसाही आत शिरतो, सगळीकडे दिसतो, पण पंगतीची जड पातेली उचलायची वेळ आली की मान टाकतो. म्हणून रीत अशी की स्क्रू पहिल्यांदा सैल करायचा सरळ टोकाने, मधल्या फेऱ्या बॉलने, आणि शेवटचं आवळणं पुन्हा सरळ टोकाने.

माझं मत विचाराल तर दीडमध्ये बॉल घेऊच नये. दीड मिलिमीटरच्या टोकाला मान कोरल्यावर उरतं काय? दोन आणि अडीचमध्ये सरळ आणि बॉल दोन्ही असावेत. तीनचा सरळ पुरे. अजून एक हिशेब सरळ टोकाच्या बाजूने आहे. ते झिजलं तर कापण्याच्या चकतीने मिलिमीटरभर टोक उडवायचं, मध्येमध्ये पाण्यात बुडवत, नाहीतर तापून निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. नव्या कडा हजर. बॉलची गोटी झिजली की तिचे दिवस भरले. सरळ ड्रायव्हर थोडाथोडा आखूड होत मुलाच्या हातात जाऊ शकतो, मुलाला हवा असला तर.

मुठीबद्दलही एक सांगायचं राहिलं. दीडला जाडजूड मूठ देणाऱ्या कंपनीने कधी दीडचा स्क्रू फिरवलेला नसतो. बारीक टोकाला बारीक मूठ हवी, म्हणजे मनगटाचा राग टोकापर्यंत पोचत नाही. वर फिरणारी टोपी असेल तर ती तळहातात धरून दोन बोटांनी ड्रायव्हर गरगर फिरवता येतो, आणि हे करताना माणूस स्वतःला फार तज्ज्ञ वाटतो. मात्र चांगल्या ड्रायव्हरचा एक तोटा कुणी सांगत नाही. नायलॉनच्या चौकटीत स्क्रू आवळताना पूर्वी ड्रायव्हर घसरायचा आणि तिथेच थांबायचं. आता ड्रायव्हर घसरत नाही. खाच वाचते, आटे जातात.

रविवारी मैदानावर या सगळ्याचं समाजशास्त्र दिसतं. पाऊस नुकताच उघडलेला, गाड्यांच्या पोटाखालच्या खाचांत चिखल वाळून दगड झालेला. नवखा माणूस तो चिखल तसाच ठेवून त्यावर ड्रायव्हर टेकवतो. ड्रायव्हर अर्धाच आत जातो, आणि अर्ध्या खोलीवर पूर्ण ताकद लावली की पुढचं वर सांगून झालं आहे. जुना माणूस आधी खिशातून टाचणी काढतो, सहाही कोपरे कोरतो, फुंकर मारतो, मगच ड्रायव्हर घालतो. आमच्याकडे एक निवृत्त साहेब आहेत. त्यांच्या पेटीत निळ्या मखमलीवर चार ड्रायव्हर झोपलेले असतात. “दोनचा आहे का हो कुणाकडे?” अशी हाक आली की सगळ्यांच्या नजरा त्या पेटीकडे वळतात. साहेब आपली गाडी कुणालाही चालवायला देतात. रिमोट देतात, छत्री देतात, घरून आणलेला चिवडा देतात. दोनचा ड्रायव्हर देत नाहीत. “थांबा, मी करतो” म्हणून पेटीसकट स्वतः येतात, गुडघ्यांचा आवाज करत खाली बसतात, तुमचा स्क्रू फिरवतात आणि ड्रायव्हर पुसून परत मखमलीवर ठेवतात. कुणाला यात कंजूषपणा वाटेल. मला वाटत नाही.

साहेबांची खरी कसोटी लागते ती पिनियनला. मोटरच्या दांड्यावर ते लहान दातेरी चाक एका ग्रब स्क्रूने आवळलेलं असतं. स्क्रू तीन जाडीचा, खाच दीडची, आणि कारखान्यातल्या कुणीतरी थेंबभर पुरला असता तिथे लाल लॉकटाइट ओतलेलं. निळं असतं तर हातानेच सुटलं असतं. लालला साधारण अडीचशे अंशांची उष्णता लागते. साहेब बॅटरीवर चालणारं सोल्डरिंग आयर्न काढतात, त्याचं टोक स्क्रूवर टेकवून ठेवतात आणि वाट बघतात. जळक्या प्लास्टिकचा एक वास येतो, आजूबाजूची चर्चा बंद होते. मग दीडचा सरळ ड्रायव्हर आत जातो, साहेब डोळे मिटतात, आणि एक ‘टक्’ ऐकू येतो. त्या ‘टक्’ चे दोन अर्थ असतात. स्क्रू सुटला, किंवा टोक तुटलं. डोळे उघडेपर्यंत साहेबांनाही ठाऊक नसतं. (मोटरचा तो दांडा म्हणजे ३.१७ मिलिमीटर, इंचाचा आठवा भाग. सगळी गाडी मिलिमीटरची करूनही इंच असा मध्यावर लपून बसला आहे, हे जाताजाता नोंदवतो.)

खाच गेलीच तर मग उपायांचा बाजार भरतो. रबर बँड मध्ये धरून फिरवा, जरा मोठ्या मापाचा, सहा पाकळ्यांच्या टोकाचा टॉर्क्स ड्रायव्हर खाचेत ठोकून फिरवा, चकतीने डोक्यावर चीर पाडून साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढा, नाहीतर डोकं ड्रिल करा. यांतले ठोकायचा आणि चिरेचा असे दोन उपाय बऱ्यापैकी चालतात. रबर बँडने स्क्रू निघाला म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ‘निघतो म्हणे’ म्हणणारे पुष्कळ भेटले.

घरात चांगल्या ड्रायव्हरला वेगळे धोके असतात. दुपारी आई म्हणाली, “तुझं ते लाल मुठीचं काय रे, फार छान आहे हो. गॅसच्या बर्नरची भोकं एका मिनिटात मोकळी झाली.” दीडचा. बर्नर साफ होता, ज्योत निळी होती. मी टोक उजेडात धरून फिरवलं, सहाही कडा जागच्या जागी. आईने विचारलं, “अजून एक मागवतोस का, स्वयंपाकघरात ठेवायला?” दीडच्या ड्रायव्हरला आमच्या घरात मिळालेली ही पहिली मान्यता.

परवा मैदानावर एक कॉलेजातला मुलगा ड्रोन घेऊन आला. एक स्क्रू ढिला झाला होता. सवयीने सगळे साहेबांकडे बघू लागले, साहेबांनी पेटी उघडली आणि वाकून पाहिलं. खाच षटकोनी नव्हती, सहा पाकळ्यांची होती.

“काका, हे टॉर्क्स आहे. टी-सहा लागेल.”

“टॉर्क्स?”

“हेक्सपेक्षा चांगलं असतं. खाच जात नाही. तसं काही नवीन नाही म्हणा, १९६७ पासूनचं आहे.”

साहेबांनी पेटी मिटली. “असल्या स्क्रूंना आम्ही हात लावत नाही,” म्हणाले, आणि मुलाला चिवडा दिला. रात्री साडेअकराला त्यांचा मला मेसेज आला. टी-पाच ते टी-दहा, पूर्ण संच, जर्मनीचा. खाली विचारलं होतं: टॉर्क्समध्ये बॉलवाला घ्यावा का?